लिटरमागे किती?

आमच्या इंदुरात नवे वाहन दारात आले, की त्याला हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून होत नाही तोच शेजारपाजारची मंडळी जो पहिला प्रश्न करतात तो किमतीचा नसतो. किंमत त्यांनी बहुधा आधीच काढलेली असते. प्रश्न असतो, "अ‍ॅव्हरेज काय देते?" गेली पन्नास वर्षे आम्ही हा प्रश्न ऐकत आहोत. लूनावाल्याला तो विचारला गेला, आठ-आठ वर्षे नंबर लावून चेतक मिळविणाऱ्याला विचारला गेला, आमच्याच पिथमपूरला तयार झालेली किनेटिक होंडा आम्ही सौ.साठी आणली तेव्हा आम्हांलाही विचारला गेला आणि आमचे उत्तर ऐकून लोकांनी चेहरे पाडले. २०२५ च्या दसऱ्याला आमच्या चिरंजीवांनी पावणेदोन टनांची, चढताना पायरी लागेल एवढी उंच गाडी दारात आणून उभी केली, तेव्हाही समोरच्या घरातून तोच प्रश्न आला. "अठरा!" चिरंजीव ठणकावून म्हणाले. आम्ही हातात पेढ्यांचे ताट घेऊन ओट्यावर उभे होतो. त्या 'अठरा'सरशी आम्हांला निळ्या पुठ्ठ्याच्या एका वहीची आठवण झाली आणि तोंडातला पेढा तोंडातच राहिला. त्या वहीचे पुढे सांगतो.

योगायोग असा, की त्याच्या आठवडाभर आधी, २५ सप्टेंबरला, केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने प्रवासी मोटारींच्या इंधनवापराविषयी नव्या निकषांचा मसुदा प्रसिद्ध केला होता. आपल्या फ्रिजवर तारे चिकटविणारी ती हीच संस्था. या निकषांना 'कॅफे' म्हणतात. नाव ऐकून आमच्या बागेतल्या कट्ट्यावर एका सद्गृहस्थाने, ते कोठे उघडले आणि तेथे दूध-कॉफी मिळते का, अशी चौकशी केली. वास्तविक ते कॉर्पोरेट अ‍ॅव्हरेज फ्युएल एफिशियन्सीचे लघुरूप आहे. आपला तो घरगुती 'अ‍ॅव्हरेज' या सरकारी नावाच्या मधोमध बसलेला पाहून आम्हांला मौज वाटली.

निकषांची रीत थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. त्यांत एकेका गाडीला मर्यादा नसते. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी काढतात आणि ती दर किलोमीटरला बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या ग्रॅमांत मोजतात. जेवढे इंधन जळते तेवढाच हा वायू निघतो, म्हणून दोन्ही मापे एकच. २०१७-१८ पासून ही मर्यादा सुमारे १३० ग्रॅम होती, २०२२-२३ पासून ती ११३ वर आणली गेली. पेट्रोलच्या भाषेत बोलायचे तर लिटरमागे सुमारे एकवीस किलोमीटर. नवा मसुदा एप्रिल २०२७ पासून मार्च २०३२ पर्यंतच्या पाच वर्षांसाठी, आणि अर्थातच अधिक कडक. त्यात ९०९ किलोपर्यंत वजनाच्या, १२०० सी.सी. पर्यंतच्या आणि चार मीटरहून कमी लांबीच्या पेट्रोल गाड्यांना ३ ग्रॅमांची सवलत सुचविली होती. त्या तीन ग्रॅमांवरून वाहन उद्योगात उघड दोन तट पडले. छोट्या गाड्या अधिक विकणारे म्हणत, ही सवलत नसेल तर गरिबाची गाडी बाजारातून जाईल. मोठ्या आणि विजेच्या गाड्यांत ज्यांनी पैसा घातला ते म्हणत, एकालाच झुकते माप कशासाठी? तीन ग्रॅम म्हणजे चिमूटभर हिंग. पण त्या चिमटीवरून जी पत्रापत्री झाली ती वाचून, हा केवळ हिंगाचा प्रश्न नाही, एवढे आमच्यासारख्या फायलींत केस पिकविलेल्या माणसाला कळले.

मसुद्याच्या शेवटी नेहमीचे वाक्य होते, जनतेने आपल्या सूचना व हरकती कळवाव्यात. ते वाक्य वाचताच आमच्यातला निवृत्त अधिकारी जागा झाला. महसूल खात्यातील सदतीस वर्षांत आम्ही स्वतः अशा कितीतरी सूचना तहसिलीच्या फलकावर डकविल्या होत्या. मुदत संपली की बाबू नस्ती घेऊन येई, तिच्यावर ठराविक शेरा असे, 'आक्षेप : निरंक'. खाली आमची सही. क्वचित हरकत आलीच तर ती ज्याची जमीन जात असेल त्याची, किंवा ज्याला जमीन हवी असेल त्याची. गावची म्हणून हरकत आम्ही पाहिली नाही. गावाला काही म्हणायचेच नसे असे नव्हे. चहाच्या टपरीवर गाव पुष्कळ बोले. पण फलकापर्यंत ते बोलणे चालत येत नसे. तेव्हा या खेपेस जनता काय म्हणते ते आपणच पाहावे, असे आम्ही मनाशी ठरविले.

प्रारंभ कट्ट्यापासून केला. पाच निवृत्त, आणि मते सहा. कारण बँकेतून निवृत्त झालेल्यांची दोन होती. त्यांच्या मते निकष अवश्य कडक असावेत, आपण गरजेच्या पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक कच्चे तेल परदेशातून आणतो. मात्र त्यापायी गाडी एक रुपयाने महाग होता कामा नये. दुसऱ्यांना सरकारचा प्रत्येक निकष म्हणजे नवा दंड वाटतो. तिसरे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, ते इथेनॉलकडे वळले, आणि मग त्या दिवशी दुसऱ्या विषयाला वावच उरला नाही.

इथेनॉलचा विषय सोडून हे लोकमत समजणारच नाही. २०२५ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून देशभर जो गहजब झाला, तो वाचकांच्या स्मरणात असेल. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा मिश्रणाने अ‍ॅव्हरेज थोडे उतरणार हे उघड आहे. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्टमध्ये ही घट काही गाड्यांत एक-दोन टक्के, तर इतरांत तीन ते सहा टक्के सांगितली. लोक वीस-वीस टक्के सांगू लागले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ सप्टेंबरला याचिका फेटाळली गेली. आमचे साडू सांगलीकडे ऊस लावतात, त्यांना दूरध्वनी केला तर ते म्हणाले, "भाऊसाहेब, तुमच्या टाकीत माझा ऊस आहे, दोन किलोमीटर कमी गेलात म्हणून बिघडलं काय?" त्यांचेही खरेच. पण आम्हांला नवल याचे वाटले, की लिटरमागे एक किलोमीटर कमी झाला म्हणून एवढे पेटून उठलेले लोक त्याच महिन्यात, लिटरमागे पाच-सहा किलोमीटर कमी देणाऱ्या गाड्या रांगा लावून घेत होते. २०२४-२५ या वर्षी देशात विकल्या गेलेल्या सुमारे ४३ लाख प्रवासी वाहनांपैकी ६५ टक्के याच उंच, भारदस्त जातीची होती. इथेनॉलने घेतलेला किलोमीटर हा चोरीला गेलेला वाटतो. आणि हौसेपायी दिलेला किलोमीटर आपण होऊन दिलेला असतो, त्याचे दुःख नसते.

नंतर आम्ही पेट्रोलपंपावर गेलो. हवा भरण्याच्या रांगेत उभे राहून वेगवेगळ्या दिवशी वीसेक लोकांना विचारले, मोटारींच्या इंधनवापरावर सरकारची मर्यादा आहे हे तुम्हांस ठाऊक आहे का? एका तरुणाला ठाऊक होते. तो पिथमपूरच्या कारखान्यात नोकरीला निघाला. बाकीच्यांनी आम्हांला कोणत्या तरी कंपनीचा माणूस समजून गाडीचे अ‍ॅव्हरेज सांगितले. एकाने दशांश चिन्हासह. स्वतःच्या वाहनाचा हिशेब इतका चोख ठेवणारी प्रजा अन्यत्र असेल असे वाटत नाही. स्कूटर उतारावर बंद करून सोडणारे, पेट्रोल संपल्यावर ती आडवी करून पुन्हा चार फर्लांग नेणारे आम्ही लोक. हा हिशेब प्रत्येकाच्या डायरीत, डोक्यात, मोबाइलमध्ये असतो. सगळ्यांच्या गाड्यांचा मिळून किती झाला, हे मात्र त्या रांगेत कोणी विचारले नाही. आणि रांगेत उभे राहण्यापूर्वी आम्हीही ते कधी विचारले नव्हते.

तेलाच्या चिंतेने लोक कधीच रस्त्यावर आले नाहीत असे नाही. १९७३ च्या नोव्हेंबरात आमच्या ग्वाल्हेरचे अटलबिहारी वाजपेयी पेट्रोलच्या दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले. आम्ही तेव्हा चौदा वर्षांचे होतो आणि वर्तमानपत्रातले ते छायाचित्र शाळेत नेल्याचे आठवते. पण ती चिंता दराची होती. अमेरिकेने मात्र त्या तेलसंकटातून दोन वर्षांनी, १९७५ साली, मोटारींच्या सरासरी इंधनवापराचा कायदा केला. 'कॅफे' हे नाव तिकडचेच. १९८५ पर्यंत मोटारींनी गॅलनमागे साडेसत्तावीस मैल द्यावेत, म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरमागे पावणेबारा किलोमीटर, असे त्यात ठरले. मोटारी सुधारल्या. पण हलक्या मालवाहू गाड्यांना सौम्य निकष ठेवला होता. त्या फटीतून पुढे त्यांची ती अजस्र कौटुंबिक वाहने निघाली, कारण कागदोपत्री ती मालवाहू ठरत. तिकडच्या जनमत चाचण्यांत बहुसंख्य लोक कडक निकषांच्या बाजूने कौल देत आले, आणि दुकानात जाऊन तीच अजस्र वाहने घेत आले. २०२५ च्या जुलैत तर तेथील संसदेने निकष मोडणाऱ्या मोटार कंपन्यांचा दंडच शून्यावर आणला. निकष राहिला, दंड गेला.

लिटरमागे पावणेबारा. आता त्या वहीची गोष्ट सांगितलीच पाहिजे.

१९९१ साली आमची नेमणूक निमाडातील एका तहसिलीत होती. वय बत्तीस, आणि डोक्यात नियमांची पुस्तके. कार्यालयास एक डिझेल जीप होती. सरकारी वाहनाचे लॉगबुक ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो : निळ्या किंवा लाल पुठ्ठ्याची लांबट वही, तीत तारीख, कोठून कोठे, सुरुवातीचे किलोमीटर, शेवटचे किलोमीटर, डिझेल, प्रयोजन आणि प्रवास करणाऱ्या अधिकाऱ्याची सही असे रकाने. आमच्या जीपचे मंजूर प्रमाण होते लिटरमागे नऊ. वही उघडावी तर पावसाळा असो की उन्हाळा, घाट असो की सपाटी, जीप अचूक नऊच द्यायची. घड्याळ चुकेल, ती चुकत नसे. त्या वर्षी आखाती युद्धामुळे तेलाचे हाल होते, देशाची परकीय गंगाजळी आटली होती, सोने गहाण पडले होते आणि इंधन वाचविण्याची परिपत्रके वरून येत होती. आम्ही एके दिवशी टाकी तोंडापर्यंत भरविली, इंदूरला जाऊन मानपूरच्या घाटाने परत आलो, त्याच पंपावर पुन्हा तोंडापर्यंत भरविली. एकशे बेचाळीस किलोमीटर, बारा लिटर. पावणेबाराच्याही किंचित वर.

महिन्याला जीप अडीच हजार किलोमीटर धावे. म्हणजे साठ-पासष्ट लिटर डिझेल दरमहा वहीत जळत होते, जीपमध्ये नव्हे.

आम्ही त्याच रात्री टिपण लिहिले : प्रमाण नऊवरून साडेअकरा करावे. दुसऱ्या दिवशी सकाळी चालक आला. सर्व जण त्याला उस्ताद म्हणत, आम्हीही म्हणत असू. वयाने तो आमच्या वडिलांच्या जवळचा. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "साहब, काग़ज़ नौ का है, तो नौ ही चलेगी." दुपारी बडेबाबू आले, दार लोटून घेतले आणि जो हिशेब आम्ही मांडला नव्हता तो त्यांनी तोंडी मांडला. टायरांसाठी मंजुरी दीड वर्ष आलेली नव्हती, जीप ज्या टायरांवर चालत होती ते त्या डिझेलातून आले होते. उस्तादचा प्रवासभत्ता दोन वर्षे थकला होता. वरचे अधिकारी दौऱ्यावर येत तेव्हा विश्रामगृहात जेवणाचा खर्च कोठल्याही शीर्षाखाली बसत नसे. आणि मागच्या मार्चमध्ये, रात्री बाळंतिणीला घेऊन जीप इंदूरला गेली, तिची वहीत नोंद कोठे होती? ती बाळंतीण आमच्याच शिपायाची सून होती. तेव्हा आम्ही उस्तादची पाठ थोपटली होती. "साहेब, ढिल्या दोरीवर सगळं कार्यालय वाळत घातलंय," बडेबाबू म्हणाले, "तुम्ही ती ताणताय."

त्यातले काही डिझेल नुसते विकले जात होते, हेही आम्हांला ठाऊक होते आणि त्यांनाही. पण कोणते कोणते, हे वेगळे काढणे आम्हांला जमले नाही. टिपण आम्ही फाडले. पुढे दोन वर्षे, बदली होईपर्यंत, रोज त्या वहीत नऊच्या हिशेबाखाली सही केली. देशाने सोने गहाण ठेवले होते ते पुढे सोडविले. आमची ती सही सोडवून आणता येईल असे ठिकाण आम्हांला सापडले नाही.

म्हणून कडक निकषांना विरोध करणारा प्रत्येक जण लबाड असतो, असे आमच्याने म्हणवत नाही. सैल निकषाच्या आधाराने कोणाचे टायर, कोणाचा भत्ता, कोणाची बाळंतीण उभी असते. स्कूटरवर चौघे बसणाऱ्या कुटुंबाला छोटी गाडी वीस-पंचवीस हजारांनी महाग झाली तर ते पावसात स्कूटरवरच राहील, हे छोट्या गाडीवाल्यांचे म्हणणे केवळ स्वार्थाचे नाही. पण त्या सैल दोरीवरून कोण काय उचलून नेतो, तेही पाहावे लागते. आजवरच्या निकषाची घडण पाहा. कंपनीच्या गाड्यांचे सरासरी वजन जेवढे अधिक, तेवढी तिची ग्रॅमांची मर्यादाही सैल. वजनदारास सूट! हे वाचून आम्हांला महसूल खात्यातच असल्यासारखे वाटले. विजेची एक गाडी विकली की हिशेबात ती तीन धरायची, म्हणजे उरलेल्या जड गाड्यांना तिच्या आड जागा मिळते. बडेबाबूंनी हे वाचले असते तर पगडी काढून ठेवली असती.

शिवाय हे सगळे आकडे प्रयोगशाळेतले. पुण्याला वेताळ टेकडीच्या पायथ्याशी १९६६ पासून वाहन उद्योगाची संशोधन संस्था आहे, 'ए.आर.ए.आय.'चे मायलेज म्हणून जाहिरातीत जे छापतात ते तिच्या नावाने. तेथे गाडी रुळांवर उभी करून, ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या वेळेत पळवितात. त्यात खोटे काही नाही; तुलना करायची तर सगळ्यांना एकच फूटपट्टी हवी. आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, पिथमपूरपाशी, सव्वाअकरा किलोमीटरची लंबवर्तुळाकार परीक्षणाची धावपट्टीही २०२१ च्या जूनमध्ये सुरू झाली. आम्ही निवृत्त झालो तेच ते वर्ष. पण त्या धावपट्टीवर राजवाड्याची गर्दी नसते, आणि दर दोनशे पावलांवर गतिरोधक नसतो.

आम्ही चिरंजीवांना म्हणालो, "अठरा हा तुझा आकडा नव्हे, कागदाचा आहे." तो हसला. सूनबाई मात्र हसली नाही. ती रोज दोन्ही मुलांना बायपासवरून शाळेत सोडते. दोन वर्षांपूर्वी त्याच रस्त्यावर तिच्या एका मैत्रिणीच्या छोट्या गाडीला मागून मालमोटारीने चेपले. मैत्रीण वाचली, पण अजून काठी घेऊन चालते. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुमचा निकष मला पटतो. पण त्या रस्त्यावर निकष माझ्या मुलांभोवती उभा राहणार आहे का? जड पत्रा तरी राहील." या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. प्राध्यापक मित्राचे उत्तर होते, की जड गाडी आतल्याला वाचविते ते पुष्कळदा समोरच्या हलक्या गाडीच्या जिवावर. सगळ्यांनीच जड घेतल्या की सगळे पुन्हा जेथल्या तेथे. हे शास्त्र म्हणून खरे असेल. पण काठी घेऊन चालणाऱ्या बाईच्या मैत्रिणीला ते सांगण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. प्राध्यापकांनाही आम्ही घरी बोलाविले नाही.

मुदत संपायला चार दिवस उरले होते. आम्ही ब्युरोला लिहावयास बसलो. सदतीस वर्षे दुसऱ्यांचे अर्ज वाचले. स्वतःचा लिहिताना 'महोदय'च्या पुढे हात अडला. कडक निकषांस आमचा पाठिंबा आहे, हे लिहिणे सोपे होते. ते कोणत्या तोंडाने लिहावे, हा प्रश्न होता. दारात पावणेदोन टन उभे, आणि पूर्वायुष्यात रोज नऊची सही.

शेवटी नातीला हाक मारली. ती सातवीत आहे, भागाकार तिचा चांगला आहे. तिच्या एका कोऱ्या वहीत रकाने आखले; लॉगबुकाचे रकाने आम्हांला अजून मुखोद्गत आहेत. रविवारी सकाळी चिरंजीवांसह पंपावर गेलो, नळ आपोआप थांबेतो टाकी भरली, आकडा उतरविला. मग चार दिवस गाडी जशी रोज चालते तशीच चालली : शाळा, कार्यालय, भाजीबाजार, सौ.ना घेऊन एकदा खजराण्याच्या गणपतीला. कोणी काही जपून केले नाही. सूचना पाठविण्याची मुदत गुरुवारची होती, म्हणून गुरुवारी सकाळीच त्याच पंपावर, त्याच नळाने पुन्हा भरली. दोनशे चौदा किलोमीटर, साडेअठरा लिटर. नातीने तेथेच, गाडीच्या तापलेल्या बॉनेटवर वही ठेवून भागाकार केला.

"अकरा पूर्णांक छपन्न, आजोबा."

"एसी होता ना सारखा," चिरंजीव म्हणाले. नंतर पुढे काही बोलले नाहीत. पैसे दिले आणि पावती नीट घडी करून माझ्याऐवजी मुलीच्या हातात दिली.

घरी येऊन आम्ही पत्र पुरे केले. तीन सूचना लिहिल्या. वजनाप्रमाणे मिळणारी सूट कमी करावी. छोट्या गाडीला द्यायची ती सवलत उघडपणे, नाव घेऊन आणि मुदत घालून द्यावी. आणि प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर प्रयोगशाळेच्या आकड्याशेजारी रस्त्यावर मोजलेला आकडाही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत चिकटवावा, जसे फ्रिजवर तारे. चौथी रस्त्यांविषयी लिहिली होती, ती या ब्युरोच्या अखत्यारीत येत नाही म्हणून खोडली. मग सूनबाईचा चेहरा आठवला आणि विषय सोडून असली तरी पुन्हा लिहिली. आपल्या वाहनाचा तपशील म्हणून कागदावरचे अठरा आणि रस्त्यावरचे साडेअकरा, दोन्ही दिले. पत्र नातवाच्या साहाय्याने ई-मेलने गेले. ते कोणी वाचले की नाही, नकळे. निदान एका नस्तीवर 'निरंक' लिहिता येणार नाही.

संध्याकाळी नात ती वही घेऊन आली. सगळे रकाने भरले होते, शेवटचा रिकामा होता.

"येथे कोणाची सही असते?" तिने विचारले.

"गाडीत बसणाऱ्याची."

"मग तुमची पण."

आम्ही चष्मा शोधला, आकडे एकदा पडताळून पाहिले आणि सही केली.